छताचा दिवा आणि हॉर्नचा फ्यूज: परभणीतल्या एका अँबेसिडरचं प्रकरण

जुन्या गाडीतला आतला दिवा बंद पडला, तर बहुतेक घरांत तो तसाच राहतो. गाडी त्यावाचून चालते, पासिंगला कुणी विचारत नाही, आणि वायरिंगवाल्यालाही छताचं अस्तर उघडायचं नसतं. वर्षं जातात, अधूनमधून कुणीतरी काहीतरी करून बघतं, आणि एका बिघाडावर दुसरा, दुसऱ्यावर तिसरा बसत जातो. मग दुरुस्तीला बसलेल्या माणसाला दिव्याआधी हे थर सोडवावे लागतात. या गाडीत तेच झालं होतं, म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहितो आहे.

गाडी १९६८ सालची हिंदुस्थान अँबेसिडर, मार्क २. परभणीतल्या एका निवृत्त वकिलांच्या वडिलांनी नवी घेतलेली, आणि तेव्हापासून त्याच घरात. अँबेसिडर ही मूळची इंग्लंडची मॉरिस ऑक्सफर्ड, सीरिज ३. तिचे साचे आणून हिंदुस्थान मोटर्सने उत्तरपाऱ्याला ही गाडी काढली आणि २०१४ पर्यंत काढत राहिले. त्यामुळे या वयाच्या गाडीतलं वायरिंगही लुकास या ब्रिटिश कंपनीच्या पद्धतीचं आहे: बॅटरी चार्ज करणारा डायनॅमो, तो थांबला की त्याला बॅटरीपासून तोडणारा कटआउट, बॉनेटखाली दोनच काचेच्या फ्यूजचा छोटा बॉक्स, आणि वायरींच्या रंगांना ठरलेला अर्थ. तपकिरी म्हणजे बॅटरीवरून थेट, जांभळी म्हणजे फ्यूजमधून आलेली पण चावी बंद असतानाही जिवंत, हिरवी म्हणजे चावी फिरवल्यावर जिवंत होणारी, काळी म्हणजे बॉडी, करंट बॅटरीकडे परत जायची वाट. आतल्या दिव्यापासून दाराच्या स्विचकडे जाणारी वायर जांभळी आणि तिच्यावर पांढरी रेघ. हे रंग पाठ असले की निम्मं काम झालं. या गाडीचं वायरिंग कुणी बदललेलं नव्हतं, हे मोठं भाग्य.

काकांना (वकीलसाहेबांना आम्ही सगळे काकाच म्हणतो) गाडीची व्हिंटेज म्हणून नोंदणी करायची होती. केंद्र सरकारने २०२१ मध्ये त्यासाठी नियम केले: पहिल्या नोंदणीला ५० वर्षं उलटलेली, मूळ रूपात राखलेली, चॅसी, बॉडी आणि इंजिनात मोठे फेरफार न केलेली गाडी व्हिंटेज धरली जाते, आणि तिच्या नंबरात राज्याच्या कोडनंतर ‘व्हीए’ ही अक्षरं येतात. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये आणि मुदत १० वर्षं. छताचा दिवा लागलाच पाहिजे असं त्या नियमात कुठेही नाही. पण गाडी मूळ रूपात आहे असं आपण सही करून सांगणार असू, तर तिच्यात जे जे होतं ते चालतं असावं, असं मला मनापासून वाटतं. काकांचंही तेच म्हणणं होतं. काकूंचं कारण आणखी सरळ होतं. रात्री उतरताना पायाखालचं दिसत नाही आणि पदर दारात अडकतो. “मिस्त्री, बाकीचं राहू द्या, दिवा लागायलाय का तेवढं बघा,” असं त्यांनी दोनदा बजावलं.

तक्रार ऐकताना

काकांच्या सांगण्यानुसार दिवा कैक वर्षं बंद. पुण्यात असलेल्या मुलाने मागच्या दिवाळीत एलईडी मागवून बसवला, तोही लागला नाही, तेव्हा होल्डरच गेला आहे असं ठरवून सगळे गप्प बसले.

मी विचारलं, हॉर्न कसा आहे?

काका म्हणाले, “हॉर्नचा काय संबंध? पूर्वी त्यानं लई त्रास दिला. गंगाखेडला निघालं की वाटेत हमखास बंद. मग एकानं काहीतरी केलं, तेव्हापासून मस्त वाजायलाय.”

संबंध आहे. या बॉक्समधल्या दोन फ्यूजपैकी ए१-ए२ वर चावीशिवाय चालणाऱ्या गोष्टी असतात, म्हणजे हॉर्न आणि आतला दिवा. ए३-ए४ वर वायपर, ब्रेकलाइट, इंडिकेटर वगैरे चावीनंतरच्या. दिव्याच्या वायरीत शॉर्ट असेल तर फ्यूज उडतो आणि चालवणाऱ्याला कळतं ते एवढंच की हॉर्न गेला. दिवसा गाडी चालवणाऱ्याला दिव्याची आठवणही होत नाही. त्यामुळे हॉर्न दुरुस्त करायला आलेला माणूस हॉर्नमध्येच शोधत राहतो.

‘एकानं काहीतरी केलं’ हे वाक्य मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. जुन्या गाडीच्या मालकाला बिघाड काय हे विचारण्याआधी, पूर्वी काय काय करून झालं ते विचारावं. उत्तर अर्धवट मिळतं, पण दिशा मिळते.

फ्यूज बॉक्स

झाकण काढलं. ए१-ए२ मधल्या काचेच्या फ्यूजवर सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळलेली. म्हणजे तिथे फ्यूज असा नव्हताच. शॉर्ट झाला असता तर चांदी टिकली असती आणि वायर पेटली असती, तीही छताच्या अस्तराखाली, माणसांच्या डोक्यावर. हे सगळीकडे सर्रास दिसतं आणि ते बघून दर वेळी काळजात धस्स होतं. कुणाच्याही गाडीत असेल तर आजच काढा.

इथे फ्यूजच्या आकड्याबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. या जुन्या ब्रिटिश पद्धतीच्या फ्यूजवर ३५ अँपिअर लिहिलेलं असतं तो उडण्याचा आकडा, सतत सोसण्याचा साधारण १७. आज दुकानात मिळणाऱ्या फ्यूजवर बहुधा सतत सोसण्याचा आकडा असतो. जुन्यावर ३५ वाचून तिथे आजचा ३५चा फ्यूज टाकला, तर संरक्षण निम्म्याने कमी होतं.

ए२ वर, म्हणजे फ्यूजच्या बाहेर जाणाऱ्या टोकावर, दोन जांभळ्या वायरी हव्या होत्या, एक हॉर्नची, एक दिव्याची. होती एकच. डॅशबोर्डच्या मागे हात घालून चाचपलं तेव्हा दुसरी सापडली: पक्कडीने सरळ कापलेली, वर काळी टेप, टेपचा डिंक सुटून चिकट झालेला. हॉर्न ‘मस्त वाजायला’ लागला तो यामुळे. कुणीतरी शॉर्ट दिव्याच्या वायरीत आहे एवढं शोधलं होतं, ते कौतुकाचं, आणि मग वायरच तोडून टाकली. मुलाचा एलईडी लागणं शक्यच नव्हतं, करंट तिथवर पोचतच नव्हता.

आता घाईत असलेला माणूस ती वायर जोडेल, दिवा लागेल, आणि गाडी परत जाईल. पण ती तोडली होती त्याला कारण होतं, आणि ते कारण अजून छतात कुठेतरी बसलेलं होतं.

शॉर्ट शोधणं

दिव्यातला बल्ब काढून ठेवला, दाराच्या स्विचच्या वायरी सोडवल्या. म्हणजे करंटला जायला वैध वाटच उरली नाही. मग ए२ आणि तोडलेल्या वायरीच्या टोकामध्ये इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब जोडला. ही जुनी युक्ती आहे आणि मीटरपेक्षा मला हिचा जास्त भरवसा वाटतो. शॉर्ट असेल तर बल्ब पेटतो, पण त्यातून दोन अँपिअरच्या वर जात नाही, त्यामुळे काही जळत नाही, आणि हव्या तितक्या वेळ शोधता येतं.

बल्ब विझलेलाच राहिला. गाडी उभी असताना शॉर्ट नव्हता. मग हाताखालच्या पोराला मागच्या बंपरवर वजन टाकून गाडी हलवायला सांगितलं. दुसऱ्याच हेलकाव्याला बल्ब चमकून विझला. पुन्हा हलवलं, पुन्हा चमकला. गंगाखेडचं कोडं तिथे सुटलं. आपल्या काळ्या मातीवरचे रस्ते पावसात फुगतात, उन्हाळ्यात आक्रसतात, आणि डांबराला लाटा येतात. अशा लाटांवर बॉडी पिळते, गावातल्या गावात पिळत नाही.

डाव्या बाजूच्या पुढच्या खांबाचा वरचा कोपरा तळहाताने दाबला की बल्ब जास्त चमकत होता. म्हणजे जागा तीच. आता अस्तर उघडणं भाग होतं.

पन्नास वर्षांचं रेक्झिन सकाळच्या गारव्यात ओढलं तर पापडासारखं मोडतं. ते नरम करावं लागतं, आणि त्यासाठी परभणीच्या मे महिन्यापेक्षा चांगलं साधन नाही. गाडी दुपारी काचा बंद करून उन्हात लावली, रेक्झिन बोटाने दाबल्यावर लवायला लागलं तेव्हा सावलीत घेतली, आणि कडेची पट्टी काढून बोथट सुरीने वीतभर अस्तर सोडवलं. वीतभरच. अस्तर आत तारेच्या कमानींवर ताणलेलं असतं. एकदा कमानी सुटल्या की तो ताण परत आणणं हे गादीवाल्याचं काम, वायरमनचं नव्हे.

खांबातून छतात शिरताना वायर पत्र्याच्या भोकातून जाते. त्या भोकात रबरी बुश असतो. बुशाच्या जागी काळ्या भुकटीचे चार दाणे उरले होते. वायरीवरचं आवरण एका बाजूने अर्धा इंच सोललेलं, आत तांबं लालबुंद घासून चकचकीत, आणि समोर पत्र्याच्या कडेला ठिणग्यांनी पडलेले बारीक काळे खड्डे. इतकं स्पष्ट चित्र क्वचित दिसतं. पोराला मुद्दाम हाताने चाचपायला लावलं.

घासली होती ती दिव्याकडे जाणारी जांभळी वायर, म्हणून फ्यूज जात होता. हीच घासणी पांढऱ्या रेघेच्या वायरीला लागली असती, तर फ्यूज सहीसलामत राहून दिवा विझायचाच थांबला असता, कारण दाराचा स्विच बॉडी जोडण्याचंच काम करतो. आतला दिवा विझत नाही अशी तक्रार आली तर स्विच अडकला आहे का बघावं आणि लगेच या पांढऱ्या रेघेच्या वायरीवर संशय घ्यावा.

फ्यूज बॉक्सपासून खांबाच्या वरपर्यंतची वायर नवी टाकली. जुन्या वायरीच्या खालच्या टोकाला नवी बांधून वरून ओढली, म्हणजे मूळ वाटेनेच ती वर आली. एक चौरस मिलिमीटरची, जांभळीच. रंग मिळायला बाजारात फिरावं लागलं, पण उद्या दुसरा कुणी ही गाडी उघडेल तेव्हा त्याला रंग वाचता आला पाहिजे. छतातला पुढचा तुकडा धडधाकट होता, तो तसाच ठेवला, सांधा कथलाने डाग देऊन वर स्लीव्ह चढवली, भोकात नवा बुश बसवला.

प्लस बॉडीला

वायर जोडली, मुलाने आणलेला एलईडी परत लावला. नाही लागला. पण या वेळी होल्डरपर्यंत करंट येत होता, मीटर दाखवत होता, फक्त आकड्याच्या आधी वजाचं चिन्ह होतं.

या गाडीत बॅटरीचा प्लस बॉडीला आहे. ब्रिटिश गाड्यांची ही त्या काळची रीत, आणि इथे ती मूळ डायनॅमोसकट टिकून आहे. पुढे अल्टरनेटर आले तसा मायनस बॉडीला गेला, आणि बऱ्याच जुन्या गाड्याही मधल्या काळात तशा बदलल्या गेल्या, म्हणून गाडीच्या सालावरून काही धरून चालू नये. बॉनेट उघडून बॅटरीचा कोणता टर्मिनल बॉडीला जातो ते डोळ्यांनी बघावं. साध्या बल्बला याचं काही देणंघेणं नसतं, तारेतून करंट कोणत्याही बाजूने गेला तरी ती तापते. एलईडी एकाच दिशेने चालतो. छताच्या दिव्याचा एलईडी दोन्ही टोकांना टोप्या असलेला, म्हणून उपाय सोपा: काढून टोकं उलटी करून बसवायचा. काही एलईडींत आतच दोन्ही दिशांची सोय असते, यात नव्हती.

प्लस बॉडीच्या गाडीत मोबाइलचा चार्जर लावणं किंवा आजकालचा म्युझिक सिस्टीम जोडणं हे वस्तू जाळण्याचं काम आहे. दुसऱ्या गाडीवरून जंप देताना दोन्ही गाड्यांचे बंपर एकमेकांना चुकूनही टेकू देऊ नयेत, कारण एकीची बॉडी प्लस आणि दुसरीची मायनस असते.

एलईडी उलटा केला आणि लखलखीत लागला. काका म्हणाले, झालं की! मुलाला व्हिडिओही गेला.

मला मात्र दार लावल्यावर होल्डरकडे बघायचं होतं. गॅरेजचं शटर ओढून अंधार केला, चारी दारं लावली. एलईडी विझला नव्हता. काजव्याइतका का होईना, उजेड होता. दाराचा स्विच बंद असतानाही कुठून तरी चोरटा करंट बॉडीला जात होता. एलईडीला मिणमिणायला मिलिअँपिअरचा अंशही पुरतो.

मग एलईडी काढला आणि १२ व्होल्ट ६ वॅटचा साधा बल्ब लावला. दार उघडलं तर तार नुसती तांबडी झाली. त्या उजेडात काकूंना पायाखालचं काय, स्वतःचा हातही दिसला नसता.

बॅटरीवर १२.६ व्होल्ट होते. बल्ब पेटलेला असताना त्याच्या दोन टोकांत ७.६. पाच व्होल्ट वाटेत कुठेतरी मरत होते. अशा वेळी मीटरचं एक टोक बॅटरीच्या बॉडीकडच्या टर्मिनलवर, इथे प्लसवर, ठेवून दुसरं एकेका सांध्यावर टेकवत जायचं. दाराच्या स्विचच्या टर्मिनलवर पाच व्होल्ट, आणि त्याच्या शेजारच्या घासलेल्या पत्र्यावर जवळजवळ शून्य. म्हणजे व्होल्टेजची सगळी घट त्या एका स्विचात, सुमारे १३ ओहमचा अडथळा.

तोच अडथळा एलईडीच्या वाटेतही होता, मग तो लखलखीत कसा? एलईडी ४० मिलिअँपिअरच्या आसपास घेतो. तेवढ्याशा करंटला १३ ओहममध्ये अर्धा व्होल्ट जातो, डोळ्याला ते कळतही नाही. साध्या बल्बला अर्धा अँपिअर लागतो, त्याचे पाच व्होल्ट गेले, आणि तारेच्या बल्बचा उजेड व्होल्टेजच्या मानाने फार झपाट्याने पडतो: ६० टक्के व्होल्टेजला उजेड जेमतेम पाचव्या हिश्शावर येतो. म्हणून जुन्या गाडीचं वायरिंग तपासताना मी एलईडी वापरत नाही. तो कुजलेला सांधा झाकतो आणि वर चोरटा करंटही उजेडात आणतो, आणि बघणाऱ्याला वाटतं की एलईडीच खराब. साधा बल्ब जे आहे ते दाखवतो. सगळं नीट झाल्यावर कुणाला एलईडी लावायचा असेल तर खुशाल लावावा, पण तपासणी तारेच्या बल्बवर व्हावी.

दाराचा स्विच

हा स्विच म्हणजे खांबात बसवलेली दांडी. दार लागलं की दांडी आत जाते आणि जोड तुटतो, दार उघडलं की बाहेर येते आणि बॉडीशी जोड होतो. त्याला बॉडीकडे जाणारी वेगळी वायर नसते. तो ज्या स्क्रूने पत्र्यावर बसतो तोच त्याचा बॉडीशी जोड. स्क्रू गंजला की जोड गेला. काढून बघितला तेव्हा आत धुळीचा लगदा झालेला: कापसाचे तंतू, मातीचा थर आणि त्यात मुरलेलं जुनं ग्रीस. दार बंद असताना करंट चोरून नेणारा तोच, आणि दार उघडल्यावर आडवा येणाराही तोच.

पेट्रोलने धुतला, संपर्काच्या जागा बारीक पॉलिश पेपरने घासल्या, खांबावरच्या भोकाभोवतीचा रंग स्क्रूच्या डोक्याएवढाच खरवडून पत्रा उघडा केला, नवा स्क्रू, आणि वर व्हॅसलिनचा पातळ हात म्हणजे पुन्हा गंज धरणार नाही. पलीकडच्या पुढच्या दाराचाही तसाच केला. आता बल्बवर १२.३ व्होल्ट. दारं लावून अंधारात एलईडीही लावून बघितला, पूर्ण विझला.

दिव्याचं घर आणि बल्ब

होल्डरच्या पितळी पट्ट्या सैल झाल्या होत्या. सैल पट्टी तापते, तापली की आणखी सैल होते. चिमट्याने अलगद आत वाकवल्या. काच म्हणजे पिवळी पडलेली प्लास्टिकची झाकणी, ती साबणाच्या कोमट पाण्याने धुतली. थिनर लावला असता तर तिथेच विरघळली असती. दुकानदार १० वॅटचा बल्ब देत होता, उजेड जास्त पडतो म्हणून. तो घेतला नाही. आधीच उन्हात तापलेल्या छताखाली एवढ्याशा बंद घरात १० वॅटने झाकणी वितळते. ६ किंवा ५ वॅट पुरे.

ए१-ए२ मध्ये चांदी काढून योग्य फ्यूज टाकला. शिवाय दिव्याच्या वायरीत डॅशबोर्डमागे ३ अँपिअरचा वेगळा फ्यूज घातला. मूळ गाडीत तो नव्हता, पण एक चौरस मिलिमीटरच्या वायरीला जुन्या पद्धतीचा ३५चा फ्यूज हे संरक्षण अपुरंच, आणि दिव्यामुळे हॉर्न पुन्हा जायला नको. दोन जोड सोडले की तो निघतो, गाडीला कुठे भोक पाडलेलं नाही.

राहिला काकूंचा प्रश्न. दाराचे स्विच फक्त पुढच्या दोन दारांना आहेत, आणि काकू मागे बसतात. मागच्या खांबांना भोक पाडून स्विच बसवता आले असते, काकांची तयारीही होती. मी नको म्हटलं. बॉडीचा पत्रा एकदा कापला की तो कापलेलाच राहतो. त्याऐवजी दिव्याच्या घरावरचा जो छोटा स्विच कुणी कधी वापरत नव्हतं, तो उघडून साफ केला आणि त्याचाही बॉडीशी जोड नीट केला. तो दाबला की दारं बंद असतानाही दिवा लागतो. गाडी थांबली की काका आधी तो लावतात, मग काकू दार उघडतात. विसरून रात्रभर राहिला तर बॅटरीतून पाच-सहा अँपिअर-तास जातात. धडधाकट बॅटरीला ते सोसतं, पण डायनॅमो संथ चालीवर चार्ज करत नाही, गावातल्या गावात फिरून ते भरून निघत नाही. म्हणून काकांना सांगितलं आहे, असं झालंच तर दुसऱ्या दिवशी गाडी जिंतूर रोडला तासभर मोकळी पळवून आणा.